एफओबी: कठड्यावरून सुरू झालेली गोष्ट

ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर प्रतिटन 800 डॉलर किमान निर्यातमूल्य लावले, तेव्हा त्या आकड्याला तीन अक्षरे जोडलेली होती: एफओबी, म्हणजे 'फ्री ऑन बोर्ड'. शेतापासून बंदरापर्यंतचे भाडे, हमाली, कस्टमचे सोपस्कार असे सगळे धरून माल जहाजावर चढेपर्यंतची ही किंमत. पुढचे सागरी भाडे आणि विमा खरेदीदाराकडे. भारताच्या निर्यातीची आकडेवारी याच हिशेबाने निघते, आयातीची मात्र भाडे आणि विमा धरून, म्हणजे सीआयएफने.

एफओबीचा वाद इंग्लंडच्या न्यायालयात 1812 मध्येच आलेला दिसतो, सीआयएफचा 1862 मध्ये. मधल्या पन्नास वर्षांत व्यापाराची रीत पालटत गेली होती. एफओबीमध्ये जहाज ठरवायचे खरेदीदाराने, विक्रेत्याने माल त्यावर चढवून द्यायचा. सीआयएफमध्ये जहाज, भाडे, विमा सगळे विक्रेता पाहतो आणि खरेदीदार पैसे मोजतो ते मुख्यतः कागदपत्रे हातात पडल्यावर. माल तेव्हा समुद्रातच असतो.

अक्षरे सगळीकडे तीच, अर्थ मात्र गावोगावी वेगळे. अमेरिकेत तर मालगाडीच्या डब्यात माल भरला तरी 'एफओबी शिकागो' म्हणत, आणि शिकागोहून समुद्र किती लांब आहे ते सांगायला नको. अमेरिकी निर्यातदारांनी 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या इंडिया हाउसमध्ये बसून आपल्यापुरत्या व्याख्या केल्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाची, म्हणजे आयसीसीची, स्थापना झाली. पॅरिसच्या या संस्थेने 1923 मध्ये 13 देशांतल्या सहा प्रचलित संज्ञा तपासल्या, 1928 मध्ये हीच पाहणी तीसहून अधिक देशांत नेली आणि 1936 मध्ये पहिले 'इनकोटर्म्स', म्हणजे अशा व्यापारी संज्ञांचे सामाईक नियम, प्रसिद्ध केले. हा कायदा नव्हे. करारात लिहिले तरच ते लागू होतात. मालकी कधी बदलते याबद्दलही ते काही बोलत नाहीत. खर्च कोणाचा, कामे कोणाची आणि नुकसान झाले तर कोणाच्या माथी, एवढेच सांगतात.

नुकसानीची सीमा होती जहाजाचा कठडा. माल कठड्याच्या अलीकडे पडला तर विक्रेत्याचा, पलीकडे पडला तर खरेदीदाराचा. हा नियम किती विचित्र आहे ते एका मुंबईकर कंपनीच्या खटल्यात उघड झाले. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांनी उभी केलेली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन 1951 मध्ये लंडनच्या गोदीत भारत सरकारने घेतलेले अग्निशमन बंब चढवत होती. सौदा एफओबी लंडन. एक बंब यारीवर लटकलेला असताना, कठडा ओलांडण्याआधीच, खाली पडला. दुरुस्तीचा खर्च 966 पौंड. वाहतुकीचा करार सिंधिया आणि भारत सरकार यांच्यातला, नुकसान मात्र विक्रेत्या पायरीन कंपनीचे, म्हणून तिने सिंधियावर दावा लावला. न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी 1954 च्या निकालात सिंधियाची जबाबदारी नियमाने ठरलेल्या 200 पौंडांपुरती मर्यादित ठेवली आणि जाता जाता शेराही मारला: यारीवर झुलणाऱ्या मालाबरोबर कठड्यावरच्या काल्पनिक उभ्या रेषेपाशी जबाबदारी अस्वस्थपणे इकडून तिकडे सरकते, हे दृश्य फक्त एखादा अतिउत्साही वकीलच समाधानाने पाहू शकेल.

तरी कठडा आणखी 56 वर्षे टिकला. दरम्यान आयसीसी ठिगळे लावत राहिली: 1953 मध्ये रेल्वेसाठी संज्ञा आल्या, 1976 मध्ये तर 'एफओबी विमानतळ'. कंटेनर आल्यावर मूळ कल्पनाच डळमळली. आज न्हावा शेव्याला जाणारा कंटेनर बहुतेक वेळा आतल्या डेपोत किंवा बंदराच्या यार्डात वाहतूकदाराच्या ताब्यात जातो आणि जहाजावर काही दिवसांनी चढतो. मधल्या काळात माल विक्रेत्याच्या हाती नसतो, पण एफओबीत धोका त्याच्याच माथी. यासाठी 1980 मध्ये वेगळी संज्ञा आली, 1990 च्या आवृत्तीत ती एफसीए झाली: माल वाहतूकदाराला दिला की विक्रेता मोकळा. कठडा 2010 मध्ये गेला. आता माल प्रत्यक्ष 'जहाजावर' ठेवला की एफओबीतला धोका सरकतो.

एवढे होऊनही आपले बहुसंख्य निर्यातदार कंटेनरलाही एफओबीच लिहितात. सवयीला दोष देता येईल, पण माझ्या मते बँकेचा वाटा मोठा. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे कागदपत्रे पाहून पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, पैसे सोडवायला माल जहाजावर चढल्याची नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग, म्हणजे वाहतूकदाराची मालपावती, लागते आणि एफसीएच्या विक्रेत्याला ते सहजी मिळत नसे. म्हणून 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या आवृत्तीत तरतूद आली की, दोघांचे तसे ठरले असेल तर खरेदीदाराने वाहतूकदाराला असे बिल विक्रेत्याच्या हाती द्यायला सांगावे. वाहतूकदार मात्र विक्रीच्या करारात पक्षकार नाही, त्यामुळे तो ऐकेलच याची हमी इनकोटर्म्सना देता येत नाही.