खानदेशाहून लहान देश, आणि त्याचं इन्सुलिन

२०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून लोकसंख्या ७९ लाखांवर गेली होती. डेन्मार्क हा अख्खा देश आज साधारण ६० लाखांचा. तरीही लस असो की मधुमेह, डॅनिश अभ्यासांचा दाखला हटकून निघतो.

याचं एक कारण त्यांच्या नोंदींत आहे. १९६८ पासून तिथे प्रत्येक रहिवाशाला दहा अंकी क्रमांक मिळतो. दवाखाना, औषधं, लसी, मृत्यू, सगळं त्यालाच जोडलेलं. गोवराच्या एमएमआर लशीने ऑटिझम होतो का, हे २०१९ मध्ये तपासलं गेलं ते ६,५७,४६१ मुलांच्या नोंदींवरून, घरोघरी माणसं न पाठवता. (होत नाही.) धडगावकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा तिथल्या दवाखान्यात नवा केसपेपर निघतो आणि जुना घरीच राहतो. आता आपल्याकडेही आभा हा चौदा अंकी आरोग्य ओळख क्रमांक आहे, पण प्रत्येक तपासणी त्यावर चढली तरच त्याचा उपयोग.

पैशाची गोष्ट जास्त रंजक आहे. सरकार विद्यापीठांना आणि रुग्णालयांना निधी देतं, शिवाय एका स्वतंत्र निधीतून शास्त्रज्ञच प्रस्ताव पारखून अनुदान देतात. पण मोठा ओघ येतो तो इन्सुलिनमधून. नोबेल विजेते ऑगस्ट क्रोग १९२२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. पत्नी मारी स्वतः डॉक्टर आणि मधुमेही. तिच्या आग्रहावरून ते इन्सुलिनचा शोध जिथे नुकताच लागला होता त्या टोरांटोला गेले आणि इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊन परतले. त्यातून उभ्या राहिलेल्या नॉर्डिस्कचा नफा संशोधनाकडे वळवायचा असं ठरलं. तिथून फुटून निघालेल्या दोन भावांनी १९२५ मध्ये नोव्हो काढली. साठेक वर्षं दोघींची चुरस चालली आणि १९८९ मध्ये त्या एक होऊन नोव्हो नॉर्डिस्क झाली. आज या कंपनीतले बहुसंख्य मताधिकार एका फाउंडेशनच्या हाती आहेत आणि लाभांशातून ते संशोधनाला अनुदान देतं. जळगावात कुणी मेडिकलवरून या कंपनीचं इन्सुलिन घेतलं, तर त्यातलेही चार पैसे फिरून तिकडे पोचतात.

मला यात एक खोट दिसते. एकाच फाउंडेशनचा पैसा इतका मोठा झाला की विषयही त्याच्या कलाने ठरू लागतात.

आणि डॅनिश नोंदींत सातपुडा नाही. भिल्ल आणि पावरा वस्त्यांमधल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रश्न इथेच सोडवावे लागणार. त्यासाठी आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आहे. १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून ती सुरू झाली, सध्याचं नाव १९४९ चं. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही आली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. तपासणीचा आकडा गाठता येईल. अवघड आहे तो पाठपुरावा. बाळाच्या रक्तात सुरुवातीचे काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे आजार लपून राहतो. दुखणी, जंतुसंसर्ग पुढे सुरू होतात. त्यातली किती मुलं कशाने दगावतात, हे जन्मापासून वर्षानुवर्षं मागे राहिल्याशिवाय कळत नाही. संशोधन प्रकल्पाचं अनुदान मात्र बहुधा तीनेक वर्षांचं असतं. तोवर ते मूल जेमतेम अंगणवाडीत बसायला लागलेलं असतं.