प्लॅनोच्या महापौर आणि सिटी कौन्सिल निवडणुकीत मत द्यायचंय? पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

नागरिकत्वाची शपथ झाली, छोटा झेंडा हातात धरून फोटो काढले, सर्टिफिकेट कपाटात गेलं. त्यानंतर आपल्यातले बहुतेक जण थेट अध्यक्षपदाच्या निवडणुकीची वाट बघतात. मधल्या मध्ये शहराचा महापौर निवडून येतो, आणि आपल्याला जाग येते ती पाण्याचं बिल वाढल्यावर.

टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला असलेल्या प्लॅनोची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत २,८५,४९४ होती. इथली शहराची निवडणूक नोव्हेंबरच्या मंगळवारी नसते. ती विषम वर्षांत, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होते. ३ मे २०२५ रोजी जॉन मन्स दुसऱ्यांदा महापौर झाले. मुदत चार वर्षांची, म्हणजे महापौरपदाची पुढची निवडणूक २०२९ला. कौन्सिलच्या काही जागांसाठी त्याआधी २०२७ला मतदान आहे.

पुण्या-ठाण्याच्या सवयीने इथे बघू नका. तिकडे नगरसेवक महापौर निवडतात, इथे मतदार थेट निवडतात. कौन्सिलमध्ये महापौरासह आठ जण. त्यातल्या चौघांना ठरावीक भागात राहावं लागतं, पण मत मात्र आठही जागांना सगळं शहर देतं. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, त्यामुळे 'आपल्या पक्षाचा कोण' हा सोपा मार्ग बंद. रोजचा कारभार सिटी मॅनेजर बघतो. आपल्या आयुक्तांसारखंच, फक्त त्याला राज्य सरकार पाठवत नाही, कौन्सिल नेमतं. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. तेव्हा मे महिन्यात मत देऊन सुटलो असं समजू नका.

पात्रता सरळ आहे: अमेरिकेचं नागरिकत्व, वय १८ पूर्ण, पत्ता प्लॅनो शहराच्या हद्दीतला. १७ वर्षं १० महिने झाले की मुलांची नोंदणी करता येते. ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं त्या कार्डाचा, याच्याशी काही संबंध नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मात्र मत देता येत नाही, शहराच्या निवडणुकीतही नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणी करायची का, असं विचारतात. रांगेत कंटाळलेला माणूस सवयीने 'यस' म्हणून मोकळा होतो. नागरिक नसताना ते 'यस' महागात पडतं. प्रत्यक्ष मत दिलं नाही, नुसती नोंदणी झाली, तरी पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो. आईवडिलांना लायसन्स काढायला नेताना हे आधी कानावर घाला.

नोंदणीसाठी टेक्सासने अजून कागद सोडलेला नाही. राज्याच्या वेबसाइटवर फॉर्म भरता येतो, पण तो छापून, सही करून काउंटीच्या (आपल्याकडचा जिल्हा समजा) निवडणूक कार्यालयाला पोस्टाने पाठवावा लागतो. प्लॅनोचा बहुतेक भाग कॉलिन काउंटीत येतो, तिचं कार्यालय मॅकिनीला. लायसन्स ऑनलाइन रिन्यू करताना मात्र नोंदणी तिथल्या तिथे होऊ शकते. फॉर्ममध्ये नाव, राहता पत्ता, जन्मतारीख आणि टेक्सास लायसन्सचा नंबर लागतो. लायसन्स नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडावी लागत नाही. आपल्याला प्रत्येक अर्जाला साक्षांकित प्रत लावायची इतकी सवय, की हे खरं वाटत नाही.

मुदत मतदानाच्या ३० दिवस आधीची. २०२५ला ती ३ एप्रिल होती. त्या तारखेपर्यंत पोस्टाचा शिक्का पडला तरी चालतं. डॅलस काउंटीतून घर बदलून आला असाल तर जुनी नोंदणी इथे चालत नाही, नवीन करावी लागते.

घरी पोस्टाने मतदार कार्ड येतं. त्यावर फोटो नसतो, त्यामुळे केंद्रावर ते ओळखपत्र म्हणून पुरत नाही. फोटोचं ओळखपत्र सात प्रकारांपैकी एक हवं: टेक्सासचं लायसन्स, टेक्सासचं ओळखपत्र, मतदानापुरतं मोफत मिळणारं ओळखपत्र, बंदुकीचा परवाना, लष्कराचं कार्ड, फोटो असलेलं नागरिकत्व प्रमाणपत्र किंवा अमेरिकन पासपोर्ट. बंदुकीचा परवाना चालतो, कॉलेजचं आयडी चालत नाही, हा टेक्सासी न्याय. १८ ते ६९ वयाच्या मतदाराचं ओळखपत्र संपून चार वर्षांपर्यंत झाली असली तरी घेतात, सत्तरीपुढे कितीही जुनं. ओळखपत्रावरचा पत्ता जुना असला तरी हरकत नाही.

आपली खरी अडचण नावात असते. समजा, लायसन्सवर 'वसुधा जोशी', मतदार यादीत 'वसुधा श्रीकांत जोशी'. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हे इथल्या संगणकाला कळणार कुठून? घाबरू नका. नावं बऱ्यापैकी सारखी असतील, तर अधिकारी वहीतल्या एका चौकटीत तुमची आद्याक्षरं घेतात आणि मत देऊ देतात. पण लग्नानंतर आडनावच बदललं असेल, तर नोंदणी आधीच दुरुस्त करा. या सातपैकी एकही ओळखपत्र मिळवणं शक्य नसेल, तर कारण लिहून सही करायचा फॉर्म असतो. त्याला वीजबिल किंवा बँकेचं स्टेटमेंट जोडतात.

मुदतपूर्व मतदान आठवडाभर चालतं, २०२५ला २२ ते २९ एप्रिल होतं. मुख्य मतदानाच्या शनिवारी केंद्रं सकाळी ७ ते संध्याकाळी ७ उघडी असतात आणि सातला रांगेत असलेल्याला परत पाठवत नाहीत. काउंटीतल्या कोणत्याही केंद्रावर जाता येतं, 'आमचं बूथ कुठलं' हा प्रश्नच नाही. मतदानाच्या खोलीत फोन वापरता येत नाही. उमेदवारांची नावं फोनमध्ये ठेवून गेलात तर पंचाईत होते. कागदावर लिहून न्या, चिठ्ठी चालते. उमेदवाराच्या नावाचा टीशर्ट घालून मात्र शंभर फुटांच्या आत जाऊ नका.

६५ वर्षांपुढच्यांना पोस्टाने मत देता येतं. अर्ज मतदानाच्या ११ दिवस आधी कार्यालयात पोचायला हवा, नुसता पोस्टात टाकून भागत नाही. अर्जावर आणि परतीच्या लिफाफ्यावर, दोन्हीकडे लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे लिहायचे. लिफाफ्यावर ती चौकट चिकटवायच्या झाकणाखाली असते, म्हणून नजरेतून सुटते. हा नियम लागू झाल्यावर मार्च २०२२च्या प्राथमिक, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकीत राज्यभर वीस हजारांहून जास्त पोस्टल मतं बाद झाली. मुदतपूर्व आणि मुख्य मतदानाच्या सगळ्या काळात भारतात असणाऱ्यांनाही पोस्टल मत मागता येतं, पण मतपत्रिका काउंटीबाहेरच्या पत्त्यावरच येते. इंग्रजी वाचता येत नसेल तर केंद्रावर घरचं माणूस मदतीला नेता येतं. त्याला शपथेवर सही करावी लागते, आणि मत कोणाला द्यायचं हे त्याने सुचवायचं नाही. सासूबाईंबरोबर गेलेल्या सुनेसाठी ही अट फारच सोयीची आहे, किंवा गैरसोयीची.

उभं राहायचं असेल तर राज्याच्या कायद्याप्रमाणे टेक्सासमध्ये १२ महिने आणि शहरात ६ महिने वास्तव्य हवं, मतदार नोंदणी हवी. जन्माने अमेरिकन असण्याची अट नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार तर मिशिगनमधून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, गेले. अर्ज सिटी सेक्रेटरीच्या कार्यालयात भरतात, २०२५ला १५ जानेवारी ते १४ फेब्रुवारी मुदत होती. प्रचारासाठी एक डॉलर घेण्याआधी किंवा खर्चण्याआधी खजिनदार नेमल्याचा फॉर्म द्यावा लागतो. मित्राने बोर्ड छापून दिले, तरी आधी तो फॉर्म.