स्टेअरिंग जड झालंय? गाडी सरळ धरत नाही? अलाइनमेंटआधी हे वाचा

गॅरेजच्या दारात गाडी लावून बहुतेक ग्राहक एकच सांगतात, "जरा अलाइनमेंट करून टाका." स्टेअरिंग जड झालं तरी अलाइनमेंट, गाडी डावीकडे ओढत असली तरी अलाइनमेंट, हायवेवर सारखी सावरावी लागत असली तरी अलाइनमेंट. जुन्या गाडीत मात्र अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, हे सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. एखादा जॉइंट झिजलेला असताना मशीनवर चाकांचे कोन कितीही अचूक लावले, तरी पुढच्या खड्ड्यात ते हलतात आणि तुमचे पैसे वाया जातात.

हे पत्रक मुख्यतः मारुती ८०० आणि तिच्या काळातल्या, पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्यांसाठी आहे. ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे अगदी शेवटच्या ८०० चे मूळ रबरी बुशही (सांध्यांत बसवलेली रबराची नळकांडी) आता दहा वर्षांहून जुने आहेत.

आमच्याकडे येण्याआधी

आधी हवा तपासा. सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, चारही चाकांची. पुढे हवा कमी असेल तर स्टेअरिंग जड होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मागे कमी असेल तर गाडी वेगात शेपूट हलवते, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. हवा किती हवी ते मॅन्युअलमध्ये पाहा, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. मूळ मापापेक्षा रुंद टायर घातले असतील तर जडपणाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

मग गाडी उभी असताना पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बिघडलेला आहे. तो का बिघडला, हा पुढचा प्रश्न.

गाडी डावीकडे ओढते असं वाटलं, तर सपाट जागी खात्री करून घ्या. पाणी निघून जावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडचा किंचित कल हा रस्त्याचा असतो. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये तर चांगली गाडीही इकडेतिकडे जाते. सपाट जागीही ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर ब्रेक किंवा बुश पाहावे लागतील.

जड स्टेअरिंग

इथे आम्ही अंदाजाने पार्ट बदलत नाही, एकेक भाग सोडवत जातो. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्यायची. (घरी विटांवर कधीही घेऊ नका, वीट न सांगता फुटते.) आता स्टेअरिंग हलकं झालं, तर दोष टायरमध्ये किंवा स्ट्रटच्या (पुढच्या चाकावरच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) वरच्या बेअरिंगमध्ये असतो. ते बेअरिंग वजन पडल्यावरच अडतं. उचलूनही जड राहिलं तर दोन्ही टाय रॉड एंड (स्टेअरिंगचे दांडे चाकांना जोडणारे सांधे) सोडवायचे आणि चाक हाताने वळवून पाहायचं. चाक घट्ट असेल तर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो खालचा गोल सांधा). चाक मोकळं पण स्टेअरिंग घट्ट असेल तर रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) किंवा कॉलम (स्टेअरिंगपासून खाली जाणारा दांडा), आणि त्यातलं नेमकं कोणतं ते कॉलमचा जॉइंट सोडवल्यावर कळतं.

एक खूण तुम्हालाही ओळखता येईल. एका पूर्ण फेऱ्यात स्टेअरिंग दोनदा जड आणि दोनदा हलकं लागत असेल, तर कॉलमच्या जॉइंटमधला क्रॉस (फुलीच्या आकाराचा तुकडा) गंजून अडकतो आहे. पावसाळ्यात पाणी झेललेल्या आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांत हे जास्त आढळतं.

जड स्टेअरिंगमुळेही गाडी भरकटते, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. सरळ रस्त्यावर आपण नकळत स्टेअरिंगला बारीक धक्के देत असतो. ते अडकत असेल तर छोटा धक्का लागू होत नाही, मोठा दिला की गाडी जास्त वळते, मग उलट सावरायचं. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मागे येत नसेल, तर हीच शंका आधी घ्या.

भटकणारी गाडी

चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग दोन बोटांनी हलवा. चाक हलू लागेपर्यंत रिंगच्या कडेला ३० मिलिमीटरहून जास्त मोकळी हालचाल असेल, तर कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलाई, आहे. पुढचं चाक उचलून डावी-उजवी बाजू धरून हलवा. खटखट आली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅकच्या टोकाचा सांधा). वर-खाली धरून हललं तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोघांतलं कोणतं हे पाहायला कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग.

८०० मध्ये लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) पुढे-मागे जाऊ न देण्याचं काम आडवा स्टॅबिलायझर बार करतो. त्याचे बुश संपले की ब्रेक मारताना चाक जागचं सरकतं आणि गाडी झोका घेते. बुश स्वस्त आहेत, पण ते तपासले जात नाहीत. आमच्याकडे आलेल्या एका ८०० ची वर्षभरात तीनदा अलाइनमेंट झाली होती. दोष होता डाव्या रॅक एंडचा, फाटक्या रबरी बुटाच्या (सांध्यावरच्या रबरी आवरणाच्या) आत लपलेला. म्हणून सर्व्हिसला बूट हाताने चाचपून पाहायला सांगा. तो फाटला की चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघतं.

रॅकचा स्क्रू आवळून प्ले लपवण्याचं काम आम्ही करत नाही. सरळ चालून चालून रॅक मधोमध झिजतो, कडेला दाते जवळपास नवे राहतात. मधला प्ले जाईपर्यंत आवळलं की पूर्ण वळवताना रॅक अडकतो. थोडं ॲडजस्टमेंट चालतं, पण नंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलंच पाहिजे. त्यापुढे रॅक बदलणं हाच इलाज.

हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असेल तर तेलाची पातळी, गळती आणि बेल्ट पाहा. स्टेअरिंग टोकाला नेऊन दाबून धरू नका. इलेक्ट्रिक असेल तर आधी बॅटरी आणि डॅशबोर्डवरचा दिवा.

गाडी आणताना सांगा: त्रास कोणत्या वेगाला होतो, ब्रेक मारताना की एरवी, कधीपासून, आणि त्याआधी कोणतं काम झालं होतं. स्टेअरिंग अचानक जड झालं, मध्येच अडकलं किंवा वळवताना खालून ठक्क आवाज येऊ लागला, तर गाडी चालवत आणू नका. जिथे असेल तिथे बाजूला लावून फोन करा, आम्ही तिथे येऊन पाहू.