नवा अल्टरनेटर, जुनी अर्थिंग
जुन्या गाडीत जास्त अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं, बॅटरी भरणारं यंत्र) बसवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"अल्टरनेटर चार्ज करत नाही, बदलून द्या" अशा चिठ्ठीसह परत आलेला प्रत्येक नग आम्ही आधी टेस्ट बेंचवर चढवतो. बहुतेक नग तिथे लेबलवर छापलेला करंट बिनतक्रार देतात. मग आम्ही ग्राहकाला फोन करून एकच विचारतो, अर्थची, म्हणजे करंट परत आणणारी, केबल कुठली लावली? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. "आहे तीच ठेवली, चांगली होती."

हे पत्रक छापावं लागलं ते या उत्तरामुळे. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची, पुली एका रेषेत घ्यायची, बेल्ट ताणायचा, हे तुम्हाला किंवा तुमच्या इलेक्ट्रिशियनला येतं असं आम्ही धरून चाललो आहोत. इथलं सगळं १२ व्होल्टच्या, निगेटिव्ह अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह खुंट बॉडीला जोडलेल्या, गाडीबद्दल आहे.

करंट परत कुठून येतो?

जुन्या गाडीत मुळात डायनामो असायचा, नाहीतर ३५-४५ अँपिअरचा अल्टरनेटर. हेडलाइट, वायपर, हॉर्न आणि बॅटरीची भरती, एवढाच भार. वायरिंगही त्याच हिशेबाने टाकलेलं. पुढे एसी आला, इलेक्ट्रिक फॅन आला, मोठे दिवे आले, म्हणून तुम्ही आमच्याकडून ९० किंवा १२० अँपिअरचा नग नेता. बी प्लसची (अल्टरनेटरमधून करंट बाहेर पडतो त्या टोकाची) जुनी तार याला पुरणार नाही हे सगळ्यांच्या लक्षात येतं. तार डोळ्यांसमोर असते, हाताला गरम लागते, त्यामुळे ती बदलली जाते.

पण बी प्लसमधून जेवढा करंट बाहेर पडतो, तेवढाच अल्टरनेटरच्या केसिंगमध्ये (बाहेरच्या धातूच्या कवचात) परत यावा लागतो. त्यात सूट नाही. ही परतीची वाट कुठल्याही एका तारेची नसते: बॉडीचा पत्रा, चासी, चासीपासून इंजिनपर्यंतची विणलेली पट्टी, इंजिन ब्लॉक, ब्रॅकेट आणि शेवटी केसिंग. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणजे त्या पट्टीशिवाय इंजिन आणि चासी यांचा धातूला धातू असा भरवशाचा संबंधच नाही. आणि ती पट्टी गाडीइतकीच जुनी. वरून शाबूत दिसते, लगच्या (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) आत हिरवी पडलेली असते. त्यात हौशी मालकाने इंजिन उतरवून ब्रॅकेट छान रंगवून घेतलेले असतात. रंगाने ब्रॅकेट गंजत नाही हे खरं, पण रंगातून करंटही जात नाही.

वाट अडली की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं जे जे धातूचं आहे त्यातून तो जातो: अ‍ॅक्सिलरेटर केबल, क्लच केबल, चोक केबल, स्पीडोमीटरची केबल. त्यांचं आवरण तापतं, आतलं प्लास्टिक वितळतं, केबल जाम होते. अ‍ॅक्सिलरेटर केबल कारण नसताना पुन्हा पुन्हा जळत असेल तर नवी केबल घेण्याआधी अर्थ तपासा. सेल्फ मारतानाही हाच प्रकार होतो. सेल्फ १५० अँपिअरच्या पुढे सहज खेचतो आणि त्याचा परतीचा रस्ताही इंजिन ब्लॉकमधूनच असतो.

अर्ध्या व्होल्टने काय होतं?

बरंच काही होतं. तांब्याची ६ स्क्वेअरची (६ चौरस मिलिमीटर छेदाची), २ मीटर लांब तार घ्या. त्यातून ९० अँपिअर नेले तर अर्धा व्होल्ट तारेतच खर्च होतो आणि साधारण ४६ वॉट उष्णता तयार होते. तेवढ्याच लांबीची तार २५ स्क्वेअरची असेल तर ही घट ०.१२ व्होल्टच्या आसपास येते. आता दुसरी बाजू बघा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि चार्जिंग साधारण १४.२ ला होतं. मधलं अंतरच मुळात दीड-पावणेदोन व्होल्टचं, त्यातला अर्धा व्होल्ट तारेने खाल्ला. हे फक्त चांगल्या तारेचं गणित झालं. गंजलेला सांधा याहून कितीतरी जास्त खातो.

शिवाय आजकालच्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर (व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा भाग) आतच असतो आणि ज्या नगाला बॅटरीचा व्होल्टेज बघणारी वेगळी सेन्सची तार नाही, तो स्वतःचा बी प्लस आणि स्वतःचं केसिंग यांच्यामधला व्होल्टेज बघतो. त्याला तिथे १४.२ दिसतात, तो समाधानी. बॅटरीच्या खुंटांवर मात्र १३.२. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, रात्री दिवे पिवळे पडतात, आणि दोष येतो अल्टरनेटरवर. अशा गाडीत अल्टरनेटर बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दुसरा नगही तेच करणार, तिसराही.

बीप वाजली म्हणजे अर्थ चांगली, असं नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, तुमचाही आणि आमचाही. मेकॅनिक इंजिन बंद ठेवून मल्टीमीटर कंटिन्युइटीवर लावतो, एक टोक इंजिनला, दुसरं निगेटिव्हला. बीप वाजते, ओहममध्ये शून्य दिसतं, "अर्थ ओके" असा निकाल. त्या तपासणीत मीटर जेमतेम काही मिलिअँपिअर सोडतो. अख्ख्या पट्टीतला एकच धागा शिल्लक असला तरी तेवढा करंट आरामात जातो. ८० अँपिअर त्या धाग्यातून जाणार आहेत का?

म्हणून तपासणी भार टाकूनच करायची. बॅटरी निदान बऱ्यापैकी भरलेली असावी. इंजिन सुरू करून १५०० ते २००० आरपीएमवर ठेवा, हेडलाइट अपरवर, ब्लोअर पूर्ण वेगात. मीटर डीसी व्होल्टच्या २ च्या रेंजवर. एक टोक अल्टरनेटरच्या केसिंगच्या उघड्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. खुंटावर म्हणजे शिशाच्या खुंटावरच, क्लॅम्पवर नाही, कारण निम्म्या वेळा दोष खुंट आणि क्लॅम्प यांच्या मधोमध बसलेला असतो. ०.१ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.२ पर्यंत चालेल. त्यापुढे अर्थ खराब समजा. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तरी बिघडत नाही.

याच वेळी आणखी एक मोजणी घ्या, जी सहसा कोणी घेत नाही: बॉडीचा खरवडलेला पत्रा आणि अल्टरनेटरचं केसिंग यांच्यामध्ये. इंजिन चालू असताना दिव्यांचा आणि ब्लोअरचा करंट बॅटरीत जात नाही, तो पत्र्यातून थेट इंजिनकडे आणि तिथून अल्टरनेटरकडे येतो. बॅटरीची निगेटिव्ह सरळ इंजिनला असेल तर पहिली मोजणी सुंदर येईल आणि दिवे तरी मंदच राहतील. इथेही ०.२ हीच मर्यादा.

आकडा जास्त आला तर मीटरचं एक टोक जागेवर ठेवून दुसरं सांध्या-सांध्याने पुढे सरकवा: ब्रॅकेट, ब्लॉक, पट्टीचं एक टोक, दुसरं टोक, चासी, क्लॅम्प. ज्या सांध्यावर आकडा उडी मारेल, तिथे पाना लावा. मग बी प्लसच्या नटापासून बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापर्यंत बघा. आमच्या केबलने ते ०.३ च्या आत यायला हवं.

काय लावायचं

तीन केबल. पहिली अल्टरनेटरच्या केसिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा ब्लॉकवरच्या मुख्य अर्थ बोल्टला. जाडी बी प्लसएवढीच: ९० अँपिअरला २५ स्क्वेअर, १२० ला ३५. ब्रॅकेटमधून अर्थ मिळतेच, मग वेगळी केबल कशाला, असं विचारलं जातं. मिळते, पण ब्रॅकेटचे बोल्ट, बुश आणि ताणपट्टी यांच्या भरवशावर, आणि त्यांचं मूळ काम अल्टरनेटर धरून ठेवणं हे आहे. दुसरी केबल बॅटरी निगेटिव्हपासून ब्लॉकला, सेल्फचा भार धरून आणखी जाड. तिसरी ब्लॉकपासून चासी किंवा बॉडीला. जुनी पट्टी काढायची गरज नाही, राहू द्या.

केबल कितीही जाड असो, खरा कस सांध्याचा. बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, कलई केलेला लग, खाली दातेरी वॉशर, घट्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलिन किंवा रंग. आधी रंग आणि मग बोल्ट असं नको. लग हातोडीने ठोकून बसवलेला आम्हाला मान्य नाही. नुसत्या डागावर (सोल्डरवर) बसवलेलाही नाही, कारण डाग तारेत वर चढतो, तार तिथे कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. केबल बाहेरून घेणार असाल तर एक धागा ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरा निघाला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. तेवढ्याच जाडीत ती करंट कमी वाहते.

अल्टरनेटरसोबत आम्ही अर्थच्या केबलचा संच सुचवतो, त्यावर "ही माल खपवायची युक्ती" असं तोंडावर बोलणारे ग्राहक आहेत. केबलमध्ये आम्हालाही चार पैसे सुटतात, ते कशाला नाकारायचं? पण परत आलेला चांगला नग उतरवणं, बेंचवर तासभर चालवणं, पुन्हा बांधून पाठवणं याचा खर्च त्या चार पैशांत निघत नाही. आमच्या संचातले लग डायमध्ये दाबलेले असतात आणि केबल तुमच्या गाडीच्या मापाने कापून मिळते. तुमच्याकडे चांगलं क्रिम्पिंग टूल असेल तर स्वतः बनवा, वॉरंटीला काही फरक पडत नाही. वरचे आकडे बरोबर आले म्हणजे झालं.

बाकीच्या गोष्टी, थोडक्यात

डॅशबोर्डवर अँमीटर असेल तर जुन्या वायरिंगमध्ये सगळा चार्जिंग करंट त्यातून जातो. ३०-०-३० च्या, म्हणजे ३० अँपिअरपर्यंतच्या, मीटरमधून ९० अँपिअर न्यायचे म्हणजे डॅशबोर्डमागे शेगडी पेटवणं. त्याला वायरिंगमधून बाजूला काढा आणि व्होल्टमीटर लावा. जुना कटआऊट (बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा रिले) किंवा बाहेरचा रेग्युलेटर नुसता दिसायला ठेवायचा तर ठेवा, तारा मात्र सोडवा.

बी प्लसच्या केबलला फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या टोकाला हवा. केबल कुठे घासून बॉडीला लागली तर आग लावण्याइतका करंट बॅटरीतून येतो. ९० च्या नगाला १२५ अँपिअरचा, १२० च्या नगाला १५० चा.

चार्जिंगचा दिवा नुसता शोभेचा नाही. त्याच्यातून जाणारा करंट अल्टरनेटरला जागं करतो. २ ते ३ वॉटचा साधा बल्बच ठेवा. एलईडी लावायची हौस असेल तर तिला समांतर रेझिस्टर लागेल, नाहीतर रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होणार नाही.

काही जुन्या, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. बॅटरीचा कुठला खुंट बॉडीला आहे हे आधी बघा. उलट्या जोडणीत अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जातात, बेंचवर ते लगेच कळतं आणि त्याला वॉरंटी नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "डायनामो चालतो का" बघायची सवय डायनामोबरोबरच सोडायला हवी होती. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळतो, रेग्युलेटर आणि डायोड दोन्ही जाऊ शकतात.

छापलेले अँपिअर अल्टरनेटर वेगात फिरताना मिळतात, आयडलवर त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. तेव्हा आयडलवर बघून निकाल देऊ नका. पूर्ण भारावर ९० अँपिअरचा नग इंजिनकडून साधारण तीन हॉर्सपॉवर घेतो. झिजलेल्या व्ही-बेल्टला ते झेपत नाही, तो ओरडतो आणि काळी भुकटी टाकतो. आणि पार उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर भरा, ते काम अल्टरनेटरचं नाही.

आम्हाला फोन करण्याआधी

पुढचे आकडे कागदावर लिहून ठेवा: इंजिन बंद असताना बॅटरीच्या दोन खुंटांमधला व्होल्टेज, भार टाकून, २००० आरपीएमवर तोच व्होल्टेज, बी प्लसचा नट आणि केसिंग यांच्यामधला, केसिंग ते निगेटिव्ह खुंट, केसिंग ते बॉडीचा पत्रा, बी प्लस ते पॉझिटिव्ह खुंट. हे आकडे हाताशी असले की बहुतेक दोष फोनवरच सापडतो आणि नग उतरवावा लागत नाही. तरीही पाठवायचा झाला तर कागद नगासोबत खोक्यात टाका. कागद असलेले नग आम्ही बेंचवर आधी घेतो.