सापळा हलवायचा की तसाच ठेवायचा? आधी उंदीर कुठला ते बघा

कोठीच्या खोलीत सापळा लावून तीन रात्री झाल्या, एकही उंदीर अडकला नाही, आता काय करायचं? या प्रश्नाला हमखास दोन उत्तरं मिळतात. एक जण सांगतो, जागा बदला. दुसरा सांगतो, अजिबात हात लावू नका, आहे तिथेच राहू द्या. दोघंही स्वानुभवाचं सांगत असतात आणि दोघांचंही खरं असतं, कारण दोघांनी पकडलेले प्राणी वेगळे असतात. पण उंदीर छोटा की मोठा, हे आधी कुणी विचारतच नाही. मग छोट्यावरचा उपाय मोठ्यावर आणि मोठ्यावरचा छोट्यावर, असे महिनेच्या महिने जातात आणि उंदीर घरातच राहतात.

छोटा उंदीर तुमच्या ओळखीचा आहे. डब्यांमागून सुर्रकन पळतो तो, शास्त्रीय नाव मस मस्क्युलस. वजन साधारण 15 ते 25 ग्रॅम, कान डोक्याच्या मानाने मोठे, शेपटी जवळपास अंगाएवढी. मोठे उंदीर म्हणजे रॅटस कुळीतले: काळा उंदीर पाइपावरून, छपरावरून येतो, तपकिरी उंदीर गटारातून आणि जमिनीतल्या बिळांतून. वजनाला छोट्याच्या आठ-दहापट, कधी त्याहूनही जास्त.

छोटा उंदीर हे मोठ्याचं पिल्लू नव्हे. हा समज इतका पक्का बसलाय की ‘आत्ताच पकडा, नाहीतर मोठा होईल’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. तो आहे तेवढाच राहणार. मोठ्याचं पिल्लू ओळखायचं तर मागची पावलं आणि डोकं बघा. अंगाच्या मानाने दोन्ही बेढब मोठी असतात, नाकाडही बोथट असतं. छोट्याची पावलं नाजूक आणि तोंड निमुळतं.

उंदीर दिसलाच नसेल तर लेंड्या बघा. छोट्याच्या 3 ते 6 मिलिमीटरच्या, टोकदार आणि जिथे फिरला तिथे विखुरलेल्या. मोठ्याच्या 12 मिलिमीटरच्या पुढे, जाडसर, बहुतेक वेळा एकेका जागी पुंजक्याने. टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, उगाच सापळे आणू नका. लांब नाकाची चिचुंद्री दिसली तर तीही उंदीर नव्हे. ती किडे खाणारी आहे, तिच्याबद्दल इथे काही नाही. लेंड्या कोरड्या झाडू मात्र नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारा, पाच मिनिटं भिजू द्या आणि मग कागदाने पुसून घ्या.

आता जिथे सगळे चुकतात ते. नवी वस्तू दिसली की हे दोन प्राणी अगदी उलट वागतात.

छोटा उंदीर चौकस आहे. आपला इलाखा तो रोज रात्री नव्याने हुंगून येतो. नवा डबा, नवं खोकं, नवा सापळा, जे काही आलं असेल त्याला नाक लावून बघतो. म्हणून सापळा त्याच्या वाटेवर असेल तर पहिल्या-दुसऱ्या रात्रीच काहीतरी हाती लागतं. तीन रात्री कोरड्या गेल्या याचा अर्थ तो सापळ्याला घाबरला असा नाही. सापळा त्याला भेटलाच नाही. त्याचा इलाखाही टीचभर असतो. घरट्यापासून खाण्यापर्यंत बहुधा काही मीटरच, आणि पुष्कळदा घरटं त्याच कपाटात, मागच्या खोक्यात किंवा फ्रिजच्या मोटरपाशी असतं. मिशा भिंतीला घासत, कडेकडेने तो चालतो. सापळा भिंतीपासून वीतभर दूर ठेवलात तरी तो शेजारून निघून जाईल. चापाचा सापळा भिंतीला काटकोनात लावा, आमिषाचं टोक भिंतीला टेकलेलं हवं. आणि दोन-तीन रात्रींत काही लागलं नाही तर उचला, ताज्या लेंड्यांजवळ न्या.

शिवाय तो एका जागी बसून जेवत नाही. रात्रभरात वीस-तीस ठिकाणी कणकण कुरतडतो, सगळं मिळून जेमतेम 3 ग्रॅम. म्हणून एकच सापळा आणून खोलीच्या मधोमध ठेवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. दर दोन मीटरला एक असे एकाच रात्री लावा, सहा लागले तर सहा. आमिष मटाराच्या दाण्याहूनही कमी, पट्टीला घट्ट चोपडलेलं. पीनट बटर उत्तम. चीजचा मोठा तुकडा लावलात तर तो कडेने खाऊन जातो आणि चाप मिटतच नाही. घरटं बांधत असेल तर पट्टीला गुंडाळलेला सुती दोराही ओढायला येतो.

मोठा उंदीर याच्या नेमका उलट. ओळखीच्या जागेत काल नसलेली वस्तू आली की तो लांबून वळसा घालतो, आणि हे दिवसेंदिवस चालतं. ती वस्तू खायची असली तरी. दुसऱ्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी ऑक्सफर्डमध्ये प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांच्या संस्थेत उंदरांवर मोठं काम झालं, ते 1954 मध्ये प्रसिद्धही झालं. मोठ्या उंदराचा हा बुजरेपणा तिथे बारकाईने तपासला गेला. उंदरांना उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं वाईट अन्न बाहेर टाकायची सोय नसलेल्या जनावराला एवढी सावधगिरी परवडते. छोट्यालाही उलटी येत नाही, पण तो एका जागचं फार खातच नाही.

म्हणून मोठ्यासाठी सापळा आणायचा, त्याच्या वाटेवर ठेवायचा, आमिष लावायचं आणि चाप ताणायचाच नाही. आठवडाभर, गरज पडली तर जास्तही. आमिष रोज खाल्लं जायला लागलं की मग सगळे सापळे एकाच रात्री ताणायचे. दर दोन दिवसांनी जागा बदलणारे लोक प्रत्येक वेळी त्याच्यासमोर नवी वस्तू मांडतात, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. सापळाही मोठाच हवा. छोट्याच्या सापळ्यात सापडलेला मोठा उंदीर बहुधा जखमी होऊन सुटतो आणि पुन्हा त्या वस्तूच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. उलट मोठ्या उंदराचा सापळा छोट्यासाठी लावलात तर एवढ्याशा वजनाने चाप पडत नाही, सकाळी आमिष चाटून साफ.

हाच फरक साफसफाईतही लक्षात ठेवा. उंदीर दिसला की पहिला उत्साह कपाटं रिकामी करून सगळं नव्याने लावण्याचा असतो. छोटा असेल तर जरूर करा, आणि सापळे त्याच संध्याकाळी लावा, कारण त्या रात्री तो सगळं नव्याने हुंगत फिरणार. मोठा असेल तर थांबा. आवराआवरीने तो बुजतो, काही दिवस फिरकत नाही, आपल्याला वाटतं गेला, आणि आपण सापळे उचलून ठेवतो. नंतर तो परत येतो. मोठ्याच्या बाबतीत आधी पकडा, मग आवरा. उघडं धान्य-पीठ तेवढं बरणीबंद करा, पण खोक्यांची जागा हलवू नका.

बाकीचे फरक किरकोळ. मोठ्याला रोज पाणी लागतं, त्यामुळे गळका नळ दुरुस्त केल्याचा उपयोग होतो. छोट्याचं अन्नातल्या ओलाव्यावर भागतं, नुसतं सिंक कोरडं ठेवून तो जाणार नाही. छोट्याला 6 मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला साधारण दुप्पट, तेव्हा पेन्सिल जाते ती प्रत्येक फट बुजवा. स्टील वूल कोंबून वर सिमेंट किंवा सीलंट. नुसता फोम दोघंही कुरतडतात. डबे काचेचे किंवा धातूचे घ्या. पातळ प्लास्टिकवर विसंबू नका.

विष मात्र कोठीच्या खोलीत नको, उंदीर कुठलाही असो. वॉरफॅरिनच्या जातीची, म्हणजे रक्त गोठू न देणारी विषं मुद्दामच सावकाश काम करतात, म्हणजे मोठ्या उंदराला दुखणं आणि खाणं यांचा संबंध लागत नाही. पण तेवढ्या दिवसांत तो कुठे जाऊन मरेल यावर आपला ताबा नसतो. भिंतीमागे मेला तर वास आठवडेच्या आठवडे जात नाही, आणि विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही बाधतं. गोंदाचे पुठ्ठे तर मला बघवत नाहीत. त्यात प्राणी तासन्‌तास जिवंत तडफडतो, शिवाय पालीही चिकटतात. चांगला चाप क्षणात काम संपवतो. आवाजाची यंत्रं आणि पेपरमिंटचं तेल यांवर पैसे घालवण्यापेक्षा आणखी चार सापळे आणा.

शेवटचा उंदीर सापडल्यावर सापळे निदान आठवडाभर तसेच राहू द्या. भिंतीच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरवा आणि रोज सकाळी टॉर्च तिरका धरून पावलं उमटलीत का बघा. उमटली असतील तर त्यांच्या आकारावरून या वेळी कुठला आलाय तेही कळेल.