वेबसाइटचं मॅटर फोटोत नको, टाइप करून द्या
गूगलवर दिसण्याविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

वेबसाइट सुरू झाली की थोड्याच दिवसांत बहुतेक सगळ्यांचा आम्हाला फोन येतो: "साइट छान झाली, पण गूगलवर दिसत का नाही?" प्रश्न रास्त आहे. साइटसाठी तुम्ही पैसे मोजलेत, ती लोकांना सापडायलाच हवी. म्हणून नेहमीची उत्तरं एकत्र लिहून देत आहोत. नवीन साइटचं काम द्यायच्या आधी हे वाचलंत तर तुमचे निदान दोन-तीन आठवडे वाचतील.

आधी थोडक्यात गूगलचं काम. आपण शोधतो त्या क्षणी गूगल जगभरच्या साइट्स उघडून बघत नाही. त्याचा रोबो, म्हणजे गूगलबॉट, एका लिंकवरून दुसरीकडे जात आधीच पानं वाचून ठेवतो. वाचलेलं मग सूचीत जातं आणि कोणी काही शोधलं की त्या सूचीतून उत्तर येतं. तुमचं पान सूचीत गेलं का, हे तुम्हीही बघू शकता. गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट' लिहा, पुढे कोलन द्या आणि जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. पानं दिसली तर ती सूचीत आहेत. नक्की खात्री सर्च कन्सोलमध्ये होते. ते गूगलचं मोफत साधन आहे आणि प्रत्येक ग्राहकाचं खातं आम्ही त्याच्याच ईमेलवर उघडतो, म्हणजे उद्या तुम्ही दुसरीकडे गेलात तरी माहिती तुमच्याकडेच राहते.

आता मुख्य मुद्दा. रोबो वाचतो ती अक्षरं. आणि आमच्याकडे मॅटर, म्हणजे साइटवर टाकायचा मजकूर, येतं ते बहुतेक वेळा फोटोत.

होमस्टेवाले फ्लेक्सची डिझाइन व्हॉट्सअॅपवर पाठवतात. दवाखान्याच्या वेळा लेटरहेडच्या फोटोत येतात. आंब्याचं रेटकार्ड सुंदर रंगीत चित्रात येतं आणि सोबत निरोप असतो, "हेच साइटवर टाका." टाकता येतं, दिसतंही छान. पण महत्त्वाचा मजकूर चित्रात ठेवू नका, असं गूगलच सांगतं. चित्रातल्या अक्षरांवर विसंबून पान वर येत नाही. शिवाय मोबाइलवर ती अक्षरं बारीक होतात, ग्राहकाला फोन नंबर कॉपी करता येत नाही आणि भाव बदलला की आख्खं चित्र नव्याने करावं लागतं. फोटो जरूर द्या, पण खोलीचे, बागेचे, पेटीचे. माहिती अक्षरांत द्या.

दुसरी अडचण खास मराठीची आहे आणि आमचा सर्वांत जास्त वेळ तीच खाते. डीटीपीवाल्याकडून, म्हणजे छपाईचा मजकूर टाइप करणाऱ्याकडून, श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल येते. स्क्रीनवर ती मराठी दिसते, पण आत मराठी नसते. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं साठतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट काढला की उरतं ते गूगलच्या लेखी अर्थहीन. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठी ठरवलेल्या क्रमांक-पद्धतीत, मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. तुमच्या मोबाइलचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर टाइप केलेला साधा मेसेज आम्हाला छापखान्याच्या देखण्या फाइलपेक्षा जास्त उपयोगाचा असतो.

"कन्व्हर्टर असतो ना?" असं बरेच जण विचारतात. जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम असतो आणि आम्ही तो वापरतो. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं: जुन्या फॉन्टमध्ये तो शेवटी, युनिकोडमध्ये र आधी. 'किंमत', 'वर्ष' असे शब्द इथेच बिघडतात. श्रीलिपीत तर निरनिराळे फॉन्ट-संच आहेत, कुठला वापरला हे कळलं नाही तर सगळाच मजकूर विस्कटतो. म्हणजे शेवटी माणसाने बसून ओळ न् ओळ तपासावी लागते. म्हणूनच अशा फाइलींचे आणि फोटोतून टाइप करण्याचे आम्ही पानामागे वेगळे पैसे लावतो. काहींना ते खटकतं. पण औषधाचं, गावाचं किंवा तुमचं नाव चुकीचं छापलं जाणं आम्हाला परवडत नाही आणि तुम्हालाही नाही.

पाठवण्याआधी एक तपासणी करा. फाइल मोबाइलवर उघडा, एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. नीट मराठी उमटलं तर पाठवा. भलतंच काही उमटलं, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर आधी आम्हाला विचारा. पीडीएफलाही हीच कसोटी लावा.

टाइप करायला वेळ नसेल तर मोबाइलच्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोला. आकडे आणि नावं मात्र पुन्हा वाचून घ्या.

लिहायचं काय, हा त्यापुढचा प्रश्न. गिऱ्हाइकाला फोनवर जे रोज सांगता, तेच लिहा. गणपतीपुळ्याच्या होमस्टेला लोक काय विचारतात? देऊळ चालत किती लांब, रत्नागिरी स्टेशनवरून यायचं कसं, गाडी कुठे लावायची, चतुर्थीला उपवासाचं मिळतं का, वरच्या मजल्यावर आजींना चढता येईल का. ही उत्तरं पानावर हवीत. "आमच्या येथे उत्तम सेवा मिळेल" हे वाक्य सगळ्यांच्याच साइटवर असतं आणि ते कोणी शोधत नाही.

पानाच्या शीर्षकालाही हेच लागू. गूगलच्या निकालात मोठ्या अक्षरांत दिसते ती बहुधा तीच ओळ. तिथे नुसतं 'होम' असेल तर कोणाला काय कळणार? 'गणपतीपुळे होमस्टे, घरगुती शाकाहारी जेवण' आणि पुढे तुमचं नाव, असं असावं. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं, हे आम्ही बघतोच. बरेच लोक मराठी शब्दही रोमन लिपीत टाइप करून शोधतात, म्हणून गावाचं आणि मालाचं नाव पानावर एकदा तरी इंग्रजी स्पेलिंगमध्ये येईल असं करतो. पण शंभर शब्दांची यादी तळाला किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवून टाकणार नाही. गूगल ते स्पॅम धरतं. 'कीवर्ड' टॅगचं, म्हणजे पानाच्या कोडमध्ये ठेवलेल्या शोधशब्दांच्या यादीचं म्हणाल, तर क्रमवारीसाठी तो बघत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

दुकान, दवाखाना, होमस्टे यांच्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल वेबसाइटइतकंच महत्त्वाचं आहे. नकाशावर तुम्ही दिसता ते त्यामुळे. ते मोफत आहे. नाव, पत्ता, फोन साइटवर आणि प्रोफाइलवर अगदी सारखे ठेवा. खूश झालेल्या पाहुण्यांना अभिप्राय लिहायला सांगा, पण सूट देऊन लिहून घेऊ नका, त्याला गूगलची मनाई आहे.

"पहिला नंबर आणून देतो" असे फोन तुम्हाला येत असतील. आम्ही तसं लिहून देत नाही, कारण अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेही स्पष्ट सांगितलं आहे. जाहिरातीची जागा विकत मिळते, त्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. खालचे साधे निकाल विकत मिळत नाहीत आणि जाहिरात दिल्याने वरही सरकत नाहीत. शिवाय ठिकाण आणि भाषेनुसार निकाल बदलतात, त्यामुळे तुमच्या मोबाइलवर पहिली दिसणारी साइट पुण्यातल्या भावाला चौथी दिसू शकते. फरक पडायला गूगलच्याच सांगण्यानुसार बहुधा चार महिने ते वर्ष लागतं.

आंबा बागायतदारांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. पाडव्याला पेट्या विकायच्या आणि साइटचं मॅटर मार्चमध्ये द्यायचं, हे जमत नाही. दसऱ्यापर्यंत मॅटर द्या, दिवाळीनंतर पानं चढवू. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमची त्याखाली नोंदणी असेल तर तो क्रमांक, बाग कोणत्या गावात आहे, आंबा अढीत कसा पिकवता, हे अक्षरांत लिहून द्या. अस्सल हापूस शोधणारा हेच बघतो. हंगाम संपला म्हणून पान काढायला सांगू नका आणि त्याचा पत्ताही बदलू नका. त्याच पानावर 'पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू' असं लिहू, म्हणजे कमावलेली जागा टिकेल. वार्षिक देखभालीच्या करारात असे बदल धरलेले आहेत, त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. ज्यांचा करार नाही त्यांनी भाव ठरले की मेसेज करावा, दर सांगून त्याच दिवशी बदलून देऊ. मेसेज मात्र टाइप केलेला, फोटो नको.