घरगुती इंटरनेटचा वेग आणि दर : देशोदेशींची तुलना

घरी येणाऱ्या ब्रॉडबँडचा वेग आणि त्याचे महिन्याचे बिल निरनिराळ्या देशांत ताडून पाहण्याची पद्धत. आकडे मुबलक मिळतात. ते एका पातळीवर आणून ठेवणे हेच खरे काम.

वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, असा सांगतात. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरतात. इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या ऊकला या कंपनीची ‘स्पीडटेस्ट ग्लोबल इंडेक्स’ ही क्रमवारी लोकांनी स्वतः केलेल्या चाचण्यांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, घेते, आणि तीत सिंगापूर सातत्याने अग्रभागी असते. पण पुष्कळ जण चाचणी मोबाइलवरून, वायफायवर करतात. दोन भिंतींपलीकडच्या राउटरची कमजोरी मग देशाच्या नावावर जमा होते.

दरांची तुलना याहून फसवी. भारतातली ३० एमबीपीएसची ३९९ रुपयांची योजना १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपयांना पडते. अमेरिकेत साठ-सत्तर डॉलर मोजणाऱ्या नातेवाइकाला ही रक्कम नगण्य वाटते. क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या-त्या देशात पैशाने प्रत्यक्ष किती विकत येते याच्या, हिशेबाने डॉलर सुमारे वीस रुपयांचा धरला, तर हेच बिल तेवीस-चोवीस डॉलरचे होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ दर दरडोई उत्पन्नाच्या टक्क्यांतही मांडतो, आणि हा निकष अधिक न्याय्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने विकसनशील देशांत प्राथमिक सेवेचा दर २०२५ पर्यंत दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांखाली आणण्याचे लक्ष्य ठेवले होते. शिवाय ‘अनलिमिटेड’ या शब्दामागे मर्यादा असते. भारतातल्या अनेक योजनांत ती महिन्याला ३,३०० जीबी आहे. ३० एमबीपीएसने अखंड वापर केला तर ती साधारण दहा दिवसांत संपते.

देश श्रीमंत म्हणून इंटरनेट वेगवान आणि स्वस्त, असे समीकरण टिकत नाही. रुमानिया हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे १९९० च्या दशकाअखेरीपासून वस्तीतल्या तरुणांनी एका इमारतीवरून दुसरीवर तारा ओढून गल्लीबोळांची जाळी उभी केली. पुढे मोठ्या कंपन्यांनी ती विकत घेतली, पण तोवर स्पर्धेने दर खाली आणले होते; तिथे एक गिगाबिटची, म्हणजे १,००० एमबीपीएसची, जोडणी दहा युरोंच्या आत मिळू लागली. गच्चीवरून केबल टाकणारा आपल्याकडचा केबलवाला ज्याने पाहिला आहे, त्याला हे चित्र परके वाटणार नाही. दक्षिण कोरियात दाट वस्तीच्या उंच इमारतींनी काम सोपे केले: तळघरापर्यंत आलेल्या एका तारेवर शेकडो घरे. फ्रान्समध्ये जुन्या कंपनीच्या तांब्याच्या तारा प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने देणे बंधनकारक झाले आणि २००२ मध्ये ‘फ्री’ या नव्या कंपनीने महिन्याला २९.९९ युरोंची योजना आणली.

अमेरिकेने त्याच वर्षी केबल इंटरनेटला असे बंधन न घालण्याचा मार्ग धरला. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य मानला. परिणामी अनेक गावांत निवड एक-दोन कंपन्यांपुरतीच राहिली. चॅटानूगा शहराने मात्र आपल्या सार्वजनिक वीजसंस्थेमार्फत फायबर टाकून २०१० मध्ये गिगाबिट सेवा दिली.

‘ब्रॉडबँड’ची व्याख्याही सर्वत्र एक नाही. भारतात २००४ मध्ये किमान वेग २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट, म्हणजे पाव एमबीपीएस) होता, २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस झाला. अमेरिकेने २०२४ मध्ये डाउनलोडसाठी १०० आणि अपलोडसाठी २० एमबीपीएस ठरवला.